बरगडीला प्लास्टर नसतं

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्याची. वय ४३, शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षं पळते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा झाली. येत्या १८ जानेवारीला मुंबईत पहिली फुल मॅरेथॉन करायची म्हणून नाव नोंदवलंय. सप्टेंबरअखेर २६ किलोमीटरपर्यंत लाँग रन झाला होता, वजनही यंदा पाच किलोनं उतरलं, त्यामुळे वेग छान सुधारला होता.

९ ऑक्टोबरला दिवाळीची साफसफाई काढली. माळ्यावरचा पितळी डबा काढायला स्टुलावर चढले, तोल गेला आणि डावी कूस लोखंडी कॉटच्या कडेवर आपटली. सकाळी १२ किलोमीटर झाले होते आणि गुरुवारचा उपवास होता, चहा आणि एका केळ्यावर होते, त्यामुळे जरा गरगरलं असेल. एक्स-रेत सहावी आणि सातवी बरगडी मोडल्याचं दिसलं, हाड जागेवरून सरकलेलं नाही. सोनोग्राफी केली, आत सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, “याला काही करायचं नसतं. आराम करा.”

आता तीन आठवडे झालेत. दुखणं बरंच कमी आहे. ग्रुपमधले म्हणतात हळूहळू सुरू कर, सगळी मेहनत वाया जाईल. एक जण तर म्हणाला, कुंबळेनं जबडा बांधून बॉलिंग टाकली होती! जाऊबाईंनी मेडिकलमधून छातीचा पट्टा आणून दिलाय. सासूबाई आंबेहळदीचा लेप लावतात आणि डिंकाचे लाडू करतायत. पाळी तीन महिने आलेली नाही, पण आता वयच झालं. मी नेमकं काय करू? पळणं पूर्ण बंद ठेवलं तर वेड लागेल.

– स्टुलावरून पडलेली, सातारा

उत्तर : आधी कुंबळेचं बघू, म्हणजे तो विषय संपेल. २००२ मध्ये अँटिग्वाला त्याचा जबडा मोडला, तो डोक्याभोवती पट्टी बांधून मैदानात आला, १४ षटकं टाकली, लाराला पायचीत केलं. आपल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता. पण पुढचं कुणी सांगत नाही. त्यानंतर तो दौरा सोडून शस्त्रक्रियेसाठी घरी परतला. शिवाय जबडा पट्टीनं मिटवून ठेवता येतो, छाती नाही ठेवता येत. तुमच्या ग्रुपमधल्या त्या भल्या माणसाला एवढं सांगा आणि चहा पाजा.

तुमची गोची हीच आहे. हात मोडला तर प्लास्टरमध्ये घालून गळ्यात अडकवता येतो. बरगडीला प्लास्टर नसतं. तुम्ही झोपलेल्या असतानाही ती हलत असते. योगाच्या ग्रंथांतून दिवसाला २१,६०० श्वास असा आकडा येतो, आणि मिनिटाला १५ धरले तर तो बरोबर जुळतो. म्हणजे मोडलेलं हाड दिवसातून २१,६०० वेळा हलतं आणि तरीही जुळतं, हीच खरं तर नवलाची गोष्ट. सहावी-सातवी बरगडी श्वासाबरोबर कशी हलते हे बघायचं असेल तर बादलीची कडी आठवा. दोन्ही टोकं खिळलेली, मधला भाग वर आणि बाहेर उचलला जातो. शांत बसलेलं असताना कडी जेमतेम हलते. चढावर धाप लागली की श्वास मिनिटाला चाळीसच्या पुढे जातात, प्रत्येक श्वासाला ती कडी पूर्ण उचलली जाते, वर प्रत्येक पावलाचा हिसका आणि हात हलवताना धडाला बसणारा पीळ. पाय तंदुरुस्त आहेत म्हणून पळायला काय हरकत, असं तुम्हाला वाटतंय. पण इथे पायांना कोणी विचारतच नाही. किती खोल आणि किती जोरात श्वास घ्यावा लागतो, आणि किती हिसका बसतो, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. पुढचे तीन आठवडे याच दोन गोष्टी मोजायच्या. किलोमीटर नाही, पेस नाही. घड्याळ कपाटात ठेवलंत तरी चालेल.

“दुखणं बरंच कमी आहे” हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि एकदा स्वतःही बोललेय. आमच्या सोसायटीच्या जिन्यात पाय घसरून माझी उजवी आठवी बरगडी मोडली होती. मी फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी. चौथ्या आठवड्यात एका सकाळी वाटलं, आता काही होत नाही, पाच किलोमीटर सावकाश करू. तीन छान झाले. मग एका गेटमधून कुत्रं भुंकत धावून आलं आणि मी दचकून बाजूला उडी मारली. तेवढा एक पीळ. अशी उसण भरली की रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून राहिले, रिक्षा बोलावली, आणि घरापर्यंतच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला रिक्षावाल्याला “सावकाश हो दादा” म्हणत गेले. पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात. तीन आठवडे गेले ते गेलेच.

चौथा आठवडा फसवा असतो तो यासाठी. मोडलेल्या टोकांभोवती तोवर मऊ जोड तयार झालेला असतो, त्यामुळे टोकं एकमेकांवर घासत नाहीत आणि दुखणं उतरतं. पण तो जोड कच्च्या भिंतीसारखा असतो. तो कडक व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, पूर्ण भरवशाचा व्हायला त्याहून जास्त. तुमचे सहा आठवडे २० नोव्हेंबरला पुरे होतात. तोवर पळणं नाही. ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे रोज कुणी विचारणार नाही.

जाऊबाईंचा पट्टा आभार मानून परत द्या. पूर्वी छाती करकचून बांधायची पद्धत होती, आता बांधत नाहीत. पट्ट्यानं दुखणं कमी होतं ते श्वास उथळ झाल्यामुळे, आणि उथळ श्वासानं फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो. बरगडी मोडल्यावर माणूस जास्त आजारी पडतो तो बहुतेक वेळा या न्यूमोनियानं. तेव्हा तुमचा सध्याचा पहिला व्यायाम छातीचाच. जागं असताना दर तासाला दहा श्वास, नाकानं सावकाश आत, जेवढं सहन होईल तेवढं खोल, दोन क्षण थांबून तोंडानं बाहेर. मेडिकलमध्ये तीन चेंडूंचा स्पायरोमीटर मिळतो, म्हणजे खोल श्वास ओढून चेंडू वर उचलायचं छोटं साधन, तो शाळेच्या पर्समध्ये टाका. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत होतं. शिंक किंवा खोकला आला तर उशी नाहीतर घडी केलेली शाल त्या जागेवर घट्ट धरा. शिंक दाबू नका. (आपल्याकडे शिंकेला थांबायची फार सवय आहे. इथे मात्र येऊ द्यायची.) कपालभाती आणि भस्त्रिका तूर्त बंद, कारण त्यात पोटाचा झटका थेट खालच्या बरगड्यांना बसतो. अनुलोम-विलोम खुशाल करा, फक्त कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. सूर्यनमस्कार, प्लँक, पोहणं हे सगळं नंतर.

आता वेड लागण्याबद्दल. चाला. यवतेश्वरच्या घाटात नाही, सपाटीला. शाहू स्टेडियमच्या ट्रॅकवर किंवा घराजवळच्या सपाट रस्त्यावर, सकाळी गर्दी आणि कुत्री जागी व्हायच्या आत. पहिल्या आठवड्यात ३० मिनिटं, मग दर दोन दिवसांनी पाच-पाच वाढवत तासापर्यंत. जोर किती लावायचा याचं माप शिक्षिकेला सोपं जाईल. चालताना तेराचा पाढा म्हणायचा, मुलांना म्हणून दाखवता तसा, मोठ्यानं. एक्क्याण्णवपर्यंत न अडखळता आलात तर ठीक. मध्येच श्वासासाठी थांबावं लागलं किंवा कुशीत चमक आली तर वेग कमी. जिममध्ये बैठी सायकल असेल तर आणखी उत्तम. ताठ बसून, हँडलवर भार न टाकता, चाळीस मिनिटं. हृदयाला व्यायाम मिळतो आणि हिसका शून्य. पुढे वाकून चालवायची रेसिंग सायकल नको, आणि रस्त्यावरची तर मुळीच नको, पुन्हा पडलात तर मी पत्राला उत्तर देणार नाही.

पायांसाठी भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं, टाचा उचलणं, एका पायरीवर चढ-उतर. यात एकच अट. श्वास रोखून जोर लावायचा नाही. हाच नियम घरातही. भरलेली बादली, कणकेचा मोठा गोळा, गच्च बसलेलं कुकरचं झाकण, उंच दोरीवर ओल्या चादरी टाकणं, या सगळ्यात आपण नकळत श्वास धरतो आणि कूस ताणतो. तीन आठवडे ही कामं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाऊ देत. घरात त्यावरून कुणी कुरकुर केली तर एक्स-रे फ्रिजवर चिकटवा. अंथरुणातून उठताना सरळ पाठीवरून उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि कोपराच्या आधारानं वर या.

आणखी एक, हे पुरुष प्रशिक्षकांच्या डोक्यात येत नाही. आपल्या स्पोर्ट्स ब्राचा खालचा पट्टा नेमका सहाव्या-सातव्या बरगडीवर बसतो. तुमची घट्ट पळण्याची ब्रा तूर्त चालायलाही घालू नका. पुढून हूक असलेली, एक माप मोठी घ्या. डोक्यावरून ओढून काढायची असली तर काढतानाच डोळ्यांत पाणी येईल.

दुखण्याच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ग्रुपमध्ये कुणीतरी सुचवेलच. खोल श्वास घेता यावा, रात्री झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी जरूर घ्या, त्यासाठीच ती असते. व्यायामाआधी कळू नये म्हणून मात्र नाही. सध्या कळ हाच तुमचा कोच आहे.

मेहनत वाया जाते का? थोडी जाते, खोटं कशाला सांगू. पण भीती वाटते त्यापेक्षा बरीच कमी. १९८४ मध्ये अमेरिकेत सात कसलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस पूर्ण बंद ठेवून मोजमाप केलं गेलं. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सुमारे सात टक्क्यांनी उतरली, आठ आठवड्यांनी सोळा टक्क्यांवर जाऊन थांबली. पुढे उतरलीच नाही. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातला द्रवभाग कमी झाल्याची असते आणि ती लवकर भरून निघते. आणि ते लोक काहीच करत नव्हते. तुम्ही तर रोज तासभर चालणार आहात.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ अडले, तिथे येते. ती तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलीच नाही. वजन पाच किलोनं उतरलं. सकाळी १२ किलोमीटर. गुरुवारचा उपवास, चहा आणि एक केळं. गरगरलं. पाळी तीन महिने नाही. हे सगळं तुम्ही वेगवेगळ्या ओळींत, जाता जाता लिहिलंय. मला ते एकाच ओळीत दिसतंय.

ढोबळ हिशेब असा असतो की पळताना वजनाच्या दर किलोला किलोमीटरमागे एक कॅलरी जाते. तुमचं वजन ५५ धरलं तर त्या सकाळी साडेसहाशेच्या वर गेल्या आणि आत आल्या दोनशेही नाहीत. वर तुम्ही साफसफाई काढलीत. स्टूल हललं नसणार, तुम्ही हललात. एका दिवसाचं असं काही नसतं, शरीर सांभाळून घेतं. पण महिनोन्‌महिने सराव वाढत गेला आणि ताट तेवढंच राहिलं, की शरीर टंचाईतल्या घरासारखं वागतं. आधी जे आजच्या आज लागत नाही ते बंद करतं. पाळी बंद होते. पाळीमागचं इस्ट्रोजेन हाडांचं राखणदार असतं, ते उतरलं की हाडं विरळ व्हायला लागतात. खेळाडूंमधल्या या अवस्थेला रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये त्यावर निवेदन काढलं, त्याआधी बरीच वर्षं हा प्रकार ओळखीचा होताच. पण आपल्याकडे पळणाऱ्या बायकांना वजन उतरलं की सगळे “वा!” म्हणतात, आणि पाळी गेली की “सुटलीस!”

तुमचं तसंच असेल असं मी पत्रावरून म्हणत नाही. लोखंडी कडेवर आपटलं तर धडधाकट बरगडीही मोडते, आणि ४३ व्या वर्षी पाळी मागेपुढे होण्याची दुसरीही कारणं असतात. पण “वय झालं” असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांना पाळीबरोबर पळण्याचे किलोमीटर, उतरलेलं वजन आणि उपवासही सांगा. हे तीन आकडे आपण सांगितल्याशिवाय कुणी विचारत नाही. ड जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघतील, आणि गरज वाटली तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी सांगतील. त्या तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि ती दुखत नाही.

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा आणि देवाचा मामला. पण मार्गशीर्ष येतोय, गुरुवार पुन्हा रांगेनं येतील. उपवासाच्या दिवशी लाँग रन नाही, आणि उपवास म्हणजे दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा पोटभर. हाड जुळत असताना प्रथिनं कमी पडू देऊ नका. रोज दोन्ही जेवणांत उसळ किंवा डाळ, चालत असेल तर अंडी. सासूबाईंचे डिंकाचे लाडू बिनघोर खा. त्यातली खारीक, सुकं खोबरं, तूप आणि गूळ ही सध्या तुम्हाला हवी असलेलीच भर आहे. डिंकानं हाड जुळतं का, या वादात मी पडत नाही. आंबेहळदीचा लेपही राहू द्या. हाडापर्यंत तो पोचत नाही, पण रोज संध्याकाळी कुणीतरी मायेनं कुशीला हात लावतंय, ते का थांबवा? फक्त जोरात चोळू नका म्हणावं.

२० नोव्हेंबरनंतर डॉक्टरांना एकदा दाखवा आणि घरीही बघा. तळापासून खोल श्वास कळ न येता घेता येतो का? शिंकेला उशी लागत नाही ना? त्या जागेवर बोटानं दाबलं तर चमक येते का? डाव्या कुशीवर झोप लागते का? आणि शेवटी जागच्या जागी दहा उड्या. यातली एक जरी अडली तर आणखी आठवडाभर चालणंच. सगळं जमलं तर एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं, दिवसाआड, सपाटीला. पुढे हळूहळू पळण्याची मिनिटं वाढवा. घाटाचा चढ डिसेंबरच्या मध्यावर. उतार सगळ्यात शेवटी, कारण हिसका उतारावर बसतो. हे आपल्याकडच्या घाटात पळणाऱ्यांना सांगायला नको, पण विसरतात सगळे.

आणि मुंबई? २० नोव्हेंबरपासून १८ जानेवारीपर्यंत आठ आठवडे उरतात, त्यातले शेवटचे दोन सराव उतरवायचे. सहा आठवड्यांत शून्यावरून पहिल्या फुलपर्यंत जायचं म्हणजे ओढाताण आहे. फुलवाल्यांना पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर उलटून गेल्यावर लागतो. तिथे पाय तर संपलेले असतातच, पण श्वास जिथून ओढावा लागतो ती जागा तुमची नुकती सांधलेली असेल. मला विचाराल तर यंदाची फुल सोडावी. तरी आज निर्णय घेऊ नका, आज तुम्ही रडत घ्याल. तारीख ठरवून टाका, रविवार २१ डिसेंबर. त्या दिवशी २२ किलोमीटर पाढा म्हणता येईल अशा वेगानं झाले, दुसऱ्या दिवशी कूस ठणकली नाही, आणि तोवर स्त्रीरोगतज्ज्ञांचे रिपोर्ट हातात असून त्यांची हरकत नसेल, तर जा. वेळेचा विचार न करता, चालत-पळत. तिन्हीतलं एक जरी नसेल तर पुढच्या वर्षी.

मधल्या काळात ताप आला, पिवळा किंवा रक्ताचा कफ पडला, बसल्या जागी दम लागायला लागला, पोटरी सुजली, किंवा पोटात आणि डाव्या खांद्याच्या टोकाला दुखून घेरी आली, तर पत्र लिहीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना.

२१ तारखेला संध्याकाळी काय झालं ते कळवा. आणि तो पितळी डबा अजून माळ्यावरच असेल तर राहू दे तिथेच, पुढच्या दिवाळीला बघू.